पाचव्या रीजनच्या बाई

बाईंचा मला अजून राग येतो. हे आधीच सांगून टाकते, कारण एकदा कुणाच्या आठवणी लिहायला बसलं की माणूस होता त्यापेक्षा बरा दिसायला लागतो. बाई बऱ्या नव्हत्या. हट्टी होत्या, तोंडाळ होत्या, आणि आपलं चुकलंय हे लक्षात आलं की आवाज आणखी चढवायच्या. हैदराबादच्या हिमायतनगरातल्या एका गल्लीत त्यांच्या घरी, वरच्या मजल्यावर, मी काही वर्षं भाड्यानं राहिले आणि त्यातला बराचसा काळ जिन्यात उभं राहून भांडण्यात गेला.

मी पुण्याची. नोकरीसाठी हैदराबादला आले तेव्हा घरमालकीण मराठी आहे एवढ्यावरच माझ्या आईनं सुटकेचा निःश्वास टाकला होता. बाईंचं मराठी ऐकलं असतं तर टाकला नसता. त्यांचं घराणं मूळचं परभणीकडचं, शेतकऱ्यांचं. आजोबांच्या काळात, निजामाचं राज्य असताना इकडे आलं आणि इथलंच होऊन गेलं. बाई भाजीवाल्याशी तेलुगूत बोलायच्या, रिक्षावाल्याशी दख्खनीत, आणि घरातल्या मराठीत हे सगळं थोडं थोडं मिसळलेलं असायचं. पहिल्या दिवशी मी सामान वर चढवत होते तर खालून म्हणाल्या, “पाणी सात वाजता सोडत असते मी. त्याच्या पैले नळ चालू केलास तर नळच काढून ठेवीन. आन् जिन्यात चपला नक्को.” झालं आमचं स्वागत.

त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. निवृत्त होऊन किती तरी वर्षं झाली होती, पण शाळा काही सुटली नव्हती. गल्लीतली पिकल्या केसांची माणसंही त्यांना बाईच म्हणायची आणि त्या समोरून आल्या की सिगारेट मागे लपवायची. लग्न केलं नव्हतं. कामून नाही केलं, असं मी एकदा त्यांच्याच भाषेत विचारलं, तर म्हणाल्या, दोन-चार जण बघून गेले, पण एकालाही साधं वाक्य पूर्ण करता येत नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही पूर्ण करू दिलं असेल तर ना. त्यावर चार दिवस अबोला.

त्यांचा एक नियम असा की कुठल्याही गोष्टीचं रीडिंग तीन वेळा घ्यायचं. प्रयोगशाळेत मुलांना शिकवून शिकवून तो हाडात गेला होता. माझा गीझर बिघडला तेव्हा त्यांनी मेकॅनिकला बोलावलं नाही. स्वतः थर्मामीटर घेऊन वर आल्या, बादलीत बुडवला, बघितला आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात बुडवून, चष्मा वर करून निकाल दिला, “गीझर बिघडलाय.” अहो बाई, हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. डिसेंबरातल्या गार पाण्यानं माझं नाक वाहत होतं आणि त्या मला समजावत होत्या की एका रीडिंगवर विश्वास ठेवणारा माणूस आयुष्यात फसतो.

दुसरा नियम याहून विचित्र. रागात पेपर तपासायचा नाही. डोकं गरम असताना मार्क दिले तर पोराचं नुकसान होतं, म्हणून अशा वेळी गठ्ठा बाजूला ठेवायचा आणि सकाळी आंघोळ करून घ्यायचा. ठीक आहे, पेपरापुरतं ठीक आहे. पण बाई भांडणंसुद्धा अशीच करायच्या. ऐन रंगात आलेल्या भांडणात एकदम थांबायच्या, “आता माझं डोकं ठिकाणावर नाही, उद्या बोलू” म्हणायच्या आणि दार लावून घ्यायच्या. मी वर जाऊन धुमसत बसायचे. दुसऱ्या दिवशी मी सगळं विसरलेली असायची आणि या न्हाऊन, पावडर लावून, कालच्याच वाक्यापासून सुरुवात करायला दारात हजर.

तर या बाईंच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर होता. आजकाल कुणाच्या घरी असतो? बाईंच्या होता, आणि त्यावर रोज फडकं फिरत होतं. शेजारच्या फळीवर डिस्क रांगेनं लावलेल्या: जुनी नाटकं, भजनं, बरेच जुने हिंदी सिनेमे. सगळ्यांची नावं बाहेरच्या बाजूला. फक्त एक डिस्क भिंतीकडे तोंड करून, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखी. मी ती एकदा सहज काढायला गेले तर बाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, “ती नक्को. ती माझ्या बहिणीची आहे.”

बहीण आहे हेच मला तोवर माहीत नव्हतं. ती दहा वर्षांनी धाकटी. आई लवकर गेली म्हणून बाईंनीच वाढवलेली. बाई तिचं नाव घेत नसत, धाकटी म्हणत. धाकटी लग्न करून अमेरिकेला गेली आणि जाताना, बाईंच्या शब्दांत, बाईंचं वांगं घेऊन गेली.

ते वांगं म्हणजे असं. हैदराबादेत बगारे बैंगन घरोघरी होतं, तीळ-दाणे-खोबऱ्याच्या वाटणातलं, चिंच घातलेलं. बाई मुलगी होत्या तेव्हा एकदा घरात पाहुणे आले आणि चिंच संपलेली. बाईंनी अंगणातली अंबाडीची पानं तोडून, परतून, वाटून घातली. वडिलांनी बोटं चाटली. तेव्हापासून त्यांच्या घरी ते तसंच होत आलं. मी खाल्लंय. बाईंशी सात जन्म भांडेन, पण त्या वांग्याला नाव ठेवणार नाही. धाकटीनं ते अमेरिकेत करून करून नाव कमावलं, आणि गावोगावचं खाणं दाखवणाऱ्या तिकडच्या एका टीव्ही कार्यक्रमात एक भाग तिच्यावर झाला. कुणीतरी नातेवाइकानं बाईंच्या कानात ओतलं की धाकटीनं तिथं ही भाजी स्वतःची म्हणून सांगितली. बाईंनी फोन करून विचारलं, धाकटी रडायला लागली, बाईंनी फोन आपटला, आणि संपलं. पुढची पंधरा-सोळा वर्षं दोघी बोलल्या नाहीत.

भांडणानंतर थोड्याच दिवसांत धाकटीनं त्या कार्यक्रमाची डिस्क येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाबरोबर पाठवली. तोंडी निरोप होता, अक्का, आधी बघ, मग माझ्याशी बोल. बाईंनी डिस्क प्लेअरमध्ये घातली. पडद्यावर इंग्रजीत अक्षरं आली की ही डिस्क तुमच्या रीजनमध्ये चालणार नाही. आणि बाईंनी त्याचा काय अर्थ घ्यावा? की धाकटीनं मुद्दाम, टोमणा म्हणून तसली डिस्क पाठवली. “मी इथंच राहिले ना. तिच्या मोठ्या जगात माझी जागा नाही, हे सांगायली ती मला.” पंधरा वर्षं ही बाई या समजुतीवर बसून होती. एवढी विज्ञानाची शिक्षिका, आणि एकाही माणसाला विचारलं नाही.

मी समजावून सांगितलं. म्हटलं, यात धाकटीचा काही हात नाही. सिनेमाच्या कंपन्यांनी जगाचे तुकडे पाडलेत. अमेरिका एक नंबर, युरोप आणि जपान दोन, असं करत करत आपण पाच. डिस्कवर एक नंबर असतो आणि प्लेअरमध्ये एक. जुळले नाहीत तर प्लेअर डिस्क वाचायलाच नकार देतो. तिकडे सिनेमा आधी निघायचा, इकडे मागाहून. तिकडची डिस्क इकडे येऊन धंदा बुडायला नको म्हणून हे कुलूप. आता सिनेमे सगळीकडे एकाच दिवशी येतात, डिस्क कुणी विकत घेत नाही, पण कुलूप आहे तिथंच आहे.

बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “पाचवा नंबर? कुणी लावला? परीक्षा कधी झाली?”

मी म्हटलं, परीक्षा नाही, त्यांनी आपलं ठरवलं. आपल्याबरोबर कोण कोण, म्हणून विचारलं. मी सांगितलं, रशिया, बराचसा आफ्रिका, नेपाळ, पाकिस्तान.

“पाकिस्तान आन् आपण एकाच वर्गात? मग सरहद्दीवर कशाला मारायलेत एकमेकाला?”

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या. बराच वेळ डिस्क उलटीसुलटी करून बघत राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “म्हणजे तिनं मुद्दाम नव्हती पाठवली तसली.” त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की आता ही फोन उचलेल. कसचं काय. निरोप होता ना, आधी बघ, मग बोल. तर आधी बघायचंच.

खरं तर अर्ध्या तासाचं काम होतं. आबिड्सच्या बाजारात एक दुकानदार होता, तो म्हणाला, द्या इकडे, कुलूप तोडून कॉपी करून देतो, चहा पिऊन या. बाई सोबत होत्या. आयुष्यभर परीक्षेच्या हॉलमध्ये पोरांच्या बाह्यांतून चिठ्ठ्या काढलेल्या त्या बाई. ‘कॉपी’ हा शब्द ऐकला आणि त्यांनी त्या माणसाला भर दुकानात असं फैलावर घेतलं की पलीकडचे दुकानदार बघायला आले. मग दुसरा उपाय होता, प्लेअरच्या रिमोटवर काही आकडे दाबले की कुलूप निघतं. तेही नाही, ती चोरवाट. कंपनीनं कुलूप लावलंय, तर किल्ली कंपनीनंच द्यायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्या रोज प्लेअरवाल्या कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन लावून बसायच्या. ते म्हणायचे, आमचा प्लेअर ठणठणीत आहे, दोष डिस्कमध्ये आहे. डिस्कवाल्यांना मी त्यांच्या वतीनं मेल केली, तर ते म्हणाले, डिस्क उत्तम आहे, प्लेअर चुकीचा आहे. इंटरनेटवर तो कार्यक्रम सापडला, त्यावर टिचकी मारली, तर हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही. तेव्हा मात्र मलाही संताप आला. अरे, डिस्क विकत घेतलेली, प्लेअर विकत घेतलेला, कुणाचं काही लुबाडलेलं नाही, आणि एका म्हातारीला स्वतःची बहीण बघायला कुणाकुणाची परवानगी लागावी? बाई तेलुगूत, दख्खनीत आणि मराठीत शिव्या देत होत्या आणि मी पहिल्यांदाच त्यांच्या बाजूनं होते.

अशात एका रविवारी मला अमेरिकेहून फोन आला. धाकटीची मुलगी होती. मावशी फोन घेत नाही म्हणून तिनं कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला होता. मोडक्या मराठीत, मधेच इंग्रजीत शिरत तिनं सांगितलं की आईला घशाचा कॅन्सर आहे आणि गुरुवारी ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढणार. आई वाचेल असं डॉक्टर म्हणतात, पुढं मशीन लावून बोलताही येईल, पण तो आवाज तिचा नसेल. आत्ता अजून बोलतेय, कसंबसं, पण बोलतेय. मावशीला सांगा, गुरुवारच्या आत एकदा फोन कर. आई रोज विचारतेय.

मी धावत खाली गेले. बाईंना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, खुर्चीत बसल्या, पाणी मागितलं. मी फोन लावून पुढं केला. त्यांनी हात मागं घेतला. म्हणाल्या, “न बघता बोलू? काय बोलू? तिनं माझं नाव घेतलं असेल तर मला माफी मागायची आहे. नसेल घेतलं तर तिला मागायला लावायची आहे. काय बोलायचं ते ठरल्याबिगर फोन कसा करू?”

मी हरले. मग डोक्यात आलं की माझ्या जुन्या लॅपटॉपला डिस्कचा ड्राइव्ह आहे, आणि कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा रीजन बदलता येतो. कंपनीनंच तशी सोय दिलेली असते. फक्त एकूण पाच वेळा. पाच झाले की शेवटी जिथं असेल तिथं तो कायमचा अडकतो. बाईंना हे पटलं. कंपनीनं दिलेली किल्ली, म्हणजे चोरी नाही. सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून येताच लॅपटॉप खाली आणला. पाचातले चार बदल शिल्लक दाखवत होता. रीजन एक केला, डिस्क घातली आणि पडद्यावर त्या कार्यक्रमाचं नाव आलं. पंधरा वर्षांनी आलं. मी पुढं बटण दाबणार, तर बाईंनी माझा हात धरला.

“आज नक्को. दुपारपासून माझं डोकं तापलेलं आहे. अशा डोक्यानं तिला बघितलं तर मी न्याय करणार नाही. सकाळी आंघोळ करून बघू.”

मी कपाळाला हात लावला. पण मंगळवार-बुधवार हातात होते. म्हटलं, ठीक आहे, असू दे. लॅपटॉप तिथंच ठेवून मी वर आले.

मंगळवारी सकाळी खाली गेले तर बाई न्हाऊन, इस्त्रीची साडी नेसून लॅपटॉपपुढं बसल्या होत्या आणि पडद्यावर तीच अक्षरं होती: ही डिस्क तुमच्या रीजनमध्ये चालणार नाही.

झालं होतं असं. प्रयोग वर्गात दाखवण्याच्या आधी तो स्वतः करून बघायचा ही त्यांची सवय. आणि रीडिंग तीन वेळा. तर पहाटेच उठून त्यांनी आधी आपली एक हिंदी सिनेमाची डिस्क घातली. कॉम्प्युटरनं विचारलं, रीजन पाच करू का? बाई हो म्हणाल्या. मग अमेरिकेची घातली. एक करू का? हो. नाव दिसलं, पहिलं रीडिंग बरोबर. पुढचं त्यांनी मुद्दाम बघितलं नाही, ते माझ्यासोबत बघायचं होतं म्हणे. मग दुसरं रीडिंग. परत हिंदी डिस्क. परत पाच. आणि तिथं ते कुलूप कायमचं बसलं. पाचवा रीजन, पाचवा बदल, खेळ खलास.

मी ओरडले. आयुष्यात कुणा वडीलधाऱ्या माणसावर ओरडले नाही एवढी ओरडले. म्हटलं, समोर इंग्रजीत लिहून येत होतं की एकच बदल शिल्लक आहे, हा शेवटचा आहे. तुम्ही वाचलं नाहीत? तर म्हणाल्या, वाचलं. मग? “तूच तर दरवेळी सांगतीस, बंद करून परत चालू करा, सगळं नव्यानं सुरू होतं. मला वाटलं हे बी होईल. आता मलाच बोलायलीस?” हा दोष मी घेणार नाही. तेव्हाही घेतला नाही आणि आताही घेत नाही. मी ते घरच्या इंटरनेटच्या राउटरबद्दल सांगायचे. राउटर वेगळा आणि हे वेगळं. पण बाई मात्र ठाम होत्या की मी शिकवताना अर्धवट शिकवलं.

त्यानंतरचे दोन दिवस मी नुसती पळत होते. रीजन न जुमानणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर बाईंना न सांगता घालून बघितलं, पण तो ड्राइव्हच डिस्क वाचून देईना. कॉपी नक्को म्हणून बाई डिस्क घराबाहेर नेऊ देईनात, प्लेअरचा रिमोटही हाती देईनात. ऑफिसात एकाही लॅपटॉपला ड्राइव्ह नाही. आबिड्सला नवा ड्राइव्ह मागितला तर दुकानातली पोरं हसली, मॅडम, अब ये कौन लेता? शेवटी ऑनलाइन मागवला, तो शनिवारी येणार होता. गुरुवारी ऑपरेशन. बुधवारी सकाळी मी पुन्हा फोन लावला, पलीकडे मुलीनं उचलला, मागून एक घोगरा, फाटका आवाज आला, “अक्का आहे का?” मला ऐकू आला. मी फोन बाईंच्या कानाला लावला आणि त्यांनी तो ओढून घेऊन बंद केला.

मी म्हटलं, “बाई, उद्या तो आवाज राहणार नाही.”

“डॉक्टर काय, काहीबी सांगत असतेत,” बाई म्हणाल्या. “शनिवारी ड्राइव्ह येईल. रविवारी बोलीन. पंधरा वर्षं थांबले, चार दिवसानं काय होतंय?”

बाई घाबरल्या होत्या, दुसरं काही नाही. धाकटीनं नाव घेतलं असेल तर पंधरा वर्षं स्वतः फुकट घालवली, हे त्यांना कळणार होतं, आणि त्याची त्यांना धाकटीच्या आजारापेक्षा जास्त भीती वाटत होती. हे मला तेव्हाही दिसत होतं. तरी मला दया आली नाही. राग आला आणि मी जिना चढून वर निघून गेले.

गुरुवारी ऑपरेशन झालं. नीट झालं. शनिवारी ड्राइव्ह आला. बाईंनी रविवारी सकाळी आंघोळ केली, आणि मी त्यांना कशालाही हात न लावू देता रीजन एकदाच एक केला आणि डिस्क चालू केली.

धाकटीचा भाग शेवटी होता, जेमतेम पाच-सहा मिनिटांचा. अमेरिकेतलं मोठं स्वयंपाकघर, खिडकीबाहेर बर्फ, आणि ओट्यापाशी बाईंसारख्याच नाकाची एक बाई अंबाडी निवडत होती. बाई पुढं सरकल्या. धाकटी कॅमेऱ्याकडे बघून हसली आणि बोलायला लागली. तिचे ओठ हलत होते, हात हलत होते, मधेच ती अंबाडीचं पान वर धरून काहीतरी सांगत होती, सांगता सांगता डोळे पुसत होती. पण आवाज येत होता तो कार्यक्रमवाल्या माणसाचा. तो भारत, मसाले, हजारो वर्षांची परंपरा असलं काहीतरी लोण्यासारख्या आवाजात वाचत होता. धाकटीचा आवाज त्यांनी काढूनच टाकला होता.

“आवाज वाढव,” बाई म्हणाल्या.

मी वाढवला. तो माणूस मोठ्यानं बोलायला लागला.

“तिचा वाढव.”

“तिचा दिलेलाच नाही, बाई.”

“ती बोलायली बघ. इतकं बोलायली. काहीतरी सांगायली ती.” मग त्या पडद्यालाच म्हणाल्या, “तिला बोलू द्या की रे मेल्यांनो.”

भाग संपला. तो माणूस वांगं खाऊन वा म्हणाला, धाकटी हसली, आणि नावांची यादी वर सरकायला लागली. धाकटीनं बाईंचं नाव घेतलं होतं की नव्हतं, हे जगात फक्त धाकटीला माहीत होतं. बाईंनी ती यादी संपू दिली. मग स्वतःहून म्हणाल्या, फोन लाव.

दवाखान्यात मुलीनं उचलला. आई जागी आहे, अजून हात उचलत नाही, लिहिता येत नाही, पण ऐकते, म्हणाली. तिनं फोन आईच्या कानाशी धरला. आणि बाईंनी सुरुवात केली. माफी नाही, विचारपूस नाही. अंबाडी इतकी निवडत बसायची असते का. वाटण आधी परतायचं की पानं आधी, इतकी वर्षं शिकवलं ते कुठं गेलं. एवढ्या थंडीत पातळ झंपर घालून कामून उभी राहिलीस, अंगावर स्वेटर नाही. वाळलीस किती. प्रत्येक वाक्यानंतर त्या थांबत होत्या, कारण धाकटी उलट उत्तर दिल्याशिवाय कधी राहायची नाही, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. उत्तर येत नव्हतं. त्या पुढचं वाक्य आणखी मोठ्यानं बोलत होत्या.

“बोल की गं. भांड की माझ्याशी.”

मुलीचा आवाज आला, मावशी, ती ऐकतेय, पण तिला बोलता येत नाही.

“माहीत आहे मला. हूं तरी म्हण म्हणावं.”

पलीकडे मुलीनं आईला हळूच विचारलेलं ऐकू आलं.

“हूं पण नाही म्हणता येत, मावशी.”

बाईंनी फोन माझ्या हातात दिला. चेहरा लालबुंद झाला होता. म्हणाल्या, परत लाव ती डिस्क, आन् त्या मेल्याचा आवाज बंद कर. मी तो भाग पुन्हा लावला आणि आवाज पूर्ण बंद केला. बाई खुर्ची ओढून पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ जाऊन बसल्या, आणि धाकटी बोलत राहिली.